अमावास्येच्या दुपारी इटालियन भुतं

अमावास्येला आमच्या गल्लीतले माग बंद असतात. एरवी बेळगावच्या या वडगावात पहाटेपासून घराघरातून खटखट चालू असते, आणि त्यामुळं आम्ही सगळे इतरांपेक्षा थोडं मोठ्यानं बोलतो. लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुलींना सासरी पहिलं हेच ऐकावं लागतं, की हिला कुणी ओरडू नको म्हणून सांगा. अमावास्येला खटखट थांबली की आपण उगाच ओरडतोय हे आमचं आम्हालाच कळतं. मागाला नारळ फोडायचा, हळदकुंकू लावायचं, जेवायचं आणि झोपायचं, असा तो दिवस.

माझा थोरला भाऊ विणकर नव्हता. तो सूत रंगवायचा. मी त्याला अण्णा म्हणायचे आणि सगळी गल्लीही अण्णाच म्हणायची. माग बंद म्हणजे परसातली रंगाची भट्टीही बंद. मी घरीच दहावीच्या पोरांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते, त्या संध्याकाळी. म्हणजे अमावास्येची दुपार आम्हा दोघांनाही रिकामी. त्या दुपारी पुढच्या खोलीचे पडदे ओढून आम्ही बहीणभाऊ इटलीचे जुने भुतांचे सिनेमे बघायचो. एक पन्नाशी ओलांडलेली बिनलग्नाची मास्तरीण आणि एक साठीला आलेला रंगारी.

हसायचं असेल तर हसा. वहिनीही पहिल्या वर्षी हसायची. नंतर ती आम्हाला ओलांडून देवळात निघून जायची आणि जाताना म्हणायची, आवसेच्या दिवशी लोक भुतं घालवतात, तुम्ही दोघं बोलावून आणताय.

हे खूळ घरात आणलं मी. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मैत्रीण मला पणजीला सिनेमांच्या महोत्सवाला घेऊन गेली. तिला कसलासा फ्रेंच सिनेमा बघायचा होता, त्याची रांग मोठी होती, म्हणून आम्ही शेजारच्या दारात शिरलो. पडद्यावर एक ओसाड गाव होतं आणि गावात धुकं. एक बाई हातात दिवा घेऊन एका लांबलचक बोळातून चालली होती. काही घडत नव्हतं. ती चालत होती, मागं कुठंतरी एकसुरी वाद्य वाजत होतं, भिंतीवर निळा उजेड पडला होता. मला वाटलं, हिनं अशीच चालत राहावं, मी इथं बसून राहते. आणि मग अंधारातून एक हात आला आणि त्या हातानं तिचं जे केलं ते मी बघितलं नाही. मी डोळे मिटले ते दिवे लागल्यावर उघडले.

दिवे लागले तेव्हा माझ्या उजवीकडचा माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि डावीकडं मैत्रिणीच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. तिथले गृहस्थ मधेच शिव्या देत उठून गेले होते, असं मैत्रीण म्हणाली. तिचंही मत त्या गृहस्थांसारखंच होतं. मी मात्र कुठल्या बाजूची ते मला सांगता येईना. टाळ्या वाजवणाऱ्याचंही खरं होतं आणि उठून गेलेल्याचंही. परत येताना गाडी घाट चढून कणकुंबीला चहाला थांबली, तेव्हा तिथंही धुकं उतरलं होतं. मैत्रीण थंडीनं कुडकुडत होती आणि मी त्या धुक्यात उगाच दहा पावलं पुढं जाऊन आले.

पुढं इंटरनेट आलं आणि असे सिनेमे घरबसल्या मिळू लागले. मी एकटीच बघायची. अण्णाला त्यात ओढायचं माझ्या मनातही नव्हतं. एका अमावास्येला मी मधल्या रक्ताच्या जागी तोंडावर पदर घेऊन बसले होते. अण्णा पाणी प्यायला आला आणि तांब्या हातात धरून दारातच उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ह्यात पिवळा जास्त पडलाय."

मला वाटलं टीव्हीच बिघडला. मी कशात म्हणून विचारलं.

"त्या रक्तात. रंग हाय गं त्यो. उघड डोळं."

अण्णाला लालाची पारख होती हे सांगण्याची पद्धतसुद्धा वडगावात वेगळी होती. एखाद्या व्यापाऱ्यानं साडीच्या काठाचा तुकडा आणला आणि याच्याशी जुळणारा लाल पाहिजे म्हणाला, की बाकीचे रंगारी त्याला सरळ आमच्या घराचा रस्ता दाखवायचे. डाळिंबी, कुंकवी, राणी, मरून, हे तर कुणालाही कळतं. अण्णाला डाळिंबीत सहा जाती दिसायच्या. उकळत्या पाण्यातून बांबूवर लडी वर काढली की ती ओली असतानाच तो सांगायचा, वाळल्यावर ही किती उतरेल आणि पहिल्या धुण्याला किती सुटेल. आमच्या आप्पांकडून तो हे शिकला होता. आप्पांकडून मी काहीच शिकले नाही. मला कोल्हापूरला वसतिगृहात ठेवून शिकवलं, म्हणून मी साहेबीण झाले, असं अण्णा म्हणायचा. चिडवायला म्हणायचा, पण त्यात थोडा अभिमानही असायचा.

अशा माणसानं इटालियन रक्ताकडं बघितलं ते रंगाऱ्याच्या नजरेनं. कथेशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तशी कथा मलाही फारशी कळत नसे, कारण या सिनेमांना कथा असते ती नावापुरती. कोण कुणाला का मारतंय, मेलेला पुन्हा का उठतोय, याचा पत्ता कुणालाच नसतो. सिनेमा इंग्रजीत डब केलेला, ओठ एक म्हणतात आणि आवाज दुसरंच. अण्णाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी त्याला बोललेलं मराठीत सांगायचे. आणि रक्ताचा प्रसंग आला की मी डोळे मिटायचे आणि दिसतंय काय ते अण्णा मला सांगायचा. असा आमचा सौदा होता. मी त्याला शब्द द्यायचे, तो मला चित्र.

त्याचं सांगणंही काय सांगणं! डोळा फोडतायत, असं तो कधी म्हणाला नाही. म्हणायचा, "आता वाटीभर ओतला बघ. शेंदरी मारतोय. आता भिंतीवर फेकला, ह्यो बरा हाय, मरूनकडं चाललाय. आता बाईच्या कपाळावरनं ओघळतोय, लई घट्ट केलाय, गोंद घातला असणार." मी विचारायचे, संपलं का? तो म्हणायचा, "रंगच हाय गं. किती भ्यायचं रंगाला?"

हळूहळू मी डोळे किलकिले करून बघू लागले. अण्णाच्या नजरेनं बघितलं की खरंच काही वाटायचं नाही. खरं रक्त वाळलं की तपकिरी होतं, आणि यांचं आठ दिवसांनंतरही कुंकवासारखं लाल राहतं, हे त्यानं मला शिकवलं. त्या बदल्यात मी त्याला धुक्याची गोडी लावायचा प्रयत्न केला, तो फुकट गेला. बाई दिवा घेऊन चालू लागली की तो जांभया द्यायचा. ही किती वेळ चालतीया, घर सापडंना का हिला, असं विचारायचा. मला त्या सिनेमांतलं जे आवडत होतं ते त्याला कंटाळवाणं वाटायचं आणि त्याला आवडायचं ते मला बघवत नव्हतं. एकाच सिनेमाचे आम्ही दोन तुकडे करून वाटून घेतले होते आणि दोघंही खूश होतो. अशी सुखाची वाटणी दुसऱ्या कुठल्या भावाबहिणीची झाली असेल तर मला ठाऊक नाही.

एकदा मी त्याला म्हटलं, आपल्याकडच्या भुताला काहीतरी पाहिजे असतं. कुणाची वासना राहिलेली असते, कुणाला दहीभात पाहिजे असतो, ते दिलं की जातं. या लोकांच्या भुताला काहीच नको असतं. येतं आणि मारतं. त्याला कारणच नाही, म्हणून मला त्याची भीती वाटते. अण्णा म्हणाला, कारण कशाला पाहिजे, रोगाला असतंय व्हय कारण? मी पुढचा संवाद मराठीत करायच्या गडबडीत होते. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

आता न्हाणीघराचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या न्हाणीची फरशी पांढरी होती असं मला आठवत नाही. अण्णा भट्टीवरून उठला की तिथं हातपाय धुवायचा, लघवीलाही तिथंच जायचा, आणि त्याच्या आधी आप्पाही तसंच करायचे. त्यामुळं मोरीच्या तोंडाशी कधी निळं, कधी हिरवं आणि बहुतेक वेळा लाल पाणी साचलेलं असायचं. दुसऱ्या कुणाच्या घरी मोरीत लाल दिसलं तर घर गोळा होईल. आमच्या घरात तांब्याभर पाणी ओततात. मी चालायला लागल्यापासून ओतत आले आहे. हात आपोआप तांब्याकडं जातो, त्यात डोक्याचं काही काम नसतं.

त्या अमावास्येला आम्ही एक विशेष रक्तबंबाळ सिनेमा बघत होतो. जुनं चर्च, तळघर, आणि दर दहा मिनिटांनी कुणाचा तरी गळा. अण्णा मधेच उठून न्हाणीत गेला. मी सिनेमा थांबवून ठेवला आणि तो बाहेर आल्यावर मी गेले. मोरीच्या तोंडाशी लाल होतं. मी तांब्या भरला आणि ओतला. वळले तर अण्णा दारातच उभा होता, पंच्याला हात पुसत. तो माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, चहा टाकू का? तो म्हणाला, टाक. मग आम्ही उरलेला सिनेमा बघितला. मी मराठी सांगत राहिले आणि तो रंग सांगत राहिला. त्या दिवशी त्याचं सांगणं जरा कमी होतं, पण ते मला तेव्हा जाणवलं की नंतर जाणवलेलं मी मागं नेऊन चिकटवलं, हे मला नक्की सांगता येणार नाही.

भट्टी दोन दिवस बंद होती. त्याआधीचा आठवडाभर सगळी ऑर्डर गडद हिरव्याची होती. घरात लाल रंग आठ-दहा दिवसांत कालवलेलाच नव्हता.

हे मला कळलं साडेचार महिन्यांनी, बेळगावातल्या एका दवाखान्याच्या बाकावर. अण्णाची लघवी अडली होती आणि कमरेत कळा येत होत्या, म्हणून त्याला रिक्षात घालून नेलं होतं. डॉक्टर तरुण होते, कानडीत बोलत होते. दुर्बीण घालून त्यांनी आतलं बघितलं आणि मग मला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. मूत्राशयाच्या भिंतीवर फुलकोबीसारखं काहीतरी होतं आणि त्यातून लाल पाझरत होतं. मी डोळे मिटले नाहीत. मिटायची सोयच नव्हती, कारण डॉक्टर माझ्याशी बोलत होते आणि वहिनी बाहेर बसली होती आणि कुणीतरी ऐकायला पाहिजे होतं. त्यांनी विचारलं, हे रंगाचं काम किती वर्षं करतात? मी म्हटलं, चाळीस. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग विचारलं, लघवीतून रक्त कधीपासून जातंय? अण्णानं त्यांना आठ दिवस सांगितलं होतं. ते म्हणाले, आठ दिवसांत हे एवढं होत नाही. चार-पाच महिने आधी आले असते तर तेवढाच भाग खरवडून काढता आला असता. आता ते भिंतीच्या पार गेलंय.

चार-पाच महिने म्हटल्यावर मी बाकावर बसून मागं मोजत गेले. मोजत मोजत त्या अमावास्येशी आले, आणि मग भट्टी बंद होती हे आठवलं.

मला स्वतःचा राग आला हे खरं, पण आधी आला तो अण्णाचा. डाळिंबीत सहा जाती ओळखणाऱ्या माणसाला स्वतःचं रक्त ओळखू येऊ नये? टीव्हीतल्या रक्तात पिवळा किती पडलाय ते दारातून सांगणारा हा माणूस. मी कितीतरी दिवस त्याच्याशी गरजेपुरतं बोलत होते. दवाखान्यात डबा न्यायची, औषधं आणायची, उशी सारखी करायची, आणि तोंड फुगवून बसायची. मरणाऱ्या माणसावर रुसण्याइतकी मी मूर्ख आहे, हे मला त्या दिवसांत कळलं.

एका दुपारी रुसवा काढावा म्हणून मी फोनवर एक सिनेमा लावला आणि त्याच्यासमोर धरला. सुरुवातीलाच एक खून होता. अण्णानं मान फिरवली. म्हणाला, "ते नको. तुझं धुकं असलं तर दाखव." मग मी अंगठ्यानं सिनेमा पुढं ढकलत, रक्त येणाऱ्या सगळ्या जागा गाळत, त्याला नुसतं धुकं दाखवत राहिले. रस्ते, दगडी कमानी, झाडं, कोण कुठं चाललंय याचा पत्ता नाही. इतक्या वर्षांत एकदाही न बघितलेलं तो आता डोळे भरून बघत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, बरं असतंय की हे, तू आधी सांगितलं न्हाईस. मी म्हटलं, दहा वर्षं सांगतेय. तो हसला, आणि हसताना त्याला कळ आली.

तेव्हा मी विचारलं. जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच विचारलं. तुला कळलं नव्हतं का रे?

तो म्हणाला, "कळलंतं की. पहिल्या दिवशीच. रंग पाण्यात पडला की एकदम मिसळतोय. रक्त दोऱ्यागत हिंडतंय."

मग बोलला का नाहीस, म्हणून मी विचारलं. आवाज वर चढला होता, वडगावचा आवाज. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे बघू लागले.

अण्णानं मला आप्पांचं सांगितलं. आप्पा पोटाच्या दुखण्यानं गेले, असं मला वसतिगृहावर कळवलं होतं आणि तीस वर्षं मी तेच धरून होते. पोटाचं नव्हतं. हेच होतं. सहा महिने नळ्या घालून दवाखान्यात ठेवलं, दोनदा कापलं, आणि शेवटी आप्पा रोज एकच म्हणायचे, मला घरी न्या. ते अण्णानं बघितलं होतं, एकट्यानं. मला परीक्षा होती म्हणून कळवलं नव्हतं. म्हणून मोरीत दोऱ्यासारखं लाल हिंडताना दिसलं तेव्हा त्याला पुढचं सगळं तिथंच दिसलं, आणि त्यानं ठरवलं की जितके दिवस भट्टीवर उभं राहता येतंय तितके राहायचं.

"आन तुला बी कळलंतं की," तो म्हणाला. "तू पाणी वतलंस, काय बोलली न्हाईस, चहा टाकू का म्हणालीस. मला वाटलं, हिला कळलंय आन हिला बी बोलायचं न्हाय. बरं वाटलं मला. म्हटलं, आपण एकटं न्हाय."

साडेचार महिने त्यानं हे धरून ठेवलं होतं. दर अमावास्येला माझ्याशेजारी बसून रंग सांगताना त्याच्या मनात होतं, की हिला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं, मी सवयीनं पाणी ओतलं, असं सांगितलं असतं, तर ते सगळे महिने मागं जाऊन त्याला एकट्यानं पुन्हा काढावे लागले असते. तसा त्याच्याकडं वेळही उरलेला नव्हता.

मी म्हटलं, "व्हय अण्णा. कळलंतं मला."

त्यानं माझा हात धरला. त्याच्या नखांच्या कडेला अजून लाल होतं, ते शेवटपर्यंत गेलं नाही. मी मान वर केली तर दारात वहिनी उभी होती, हातात कॉफीचा थर्मास. तिनं काय ऐकलं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. ती आत आली, कॉफी ओतली, अण्णाला दिली, मला दिली.

अण्णा त्यानंतर अकरा दिवसांनी गेला. दवाखान्यातच गेला. घरी न्या असं तोही म्हणत होता आणि आम्ही उद्या नेऊ, उद्या नेऊ करत राहिलो. गल्लीनं त्या दिवशी माग बंद ठेवले. अमावास्या नसताना आमची गल्ली गप्प झालेली मी तेवढीच बघितली. मी फार रडले. रडताना मोठ्यानं रडले, आणि खटखट नसल्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं असणार, पण मला लाज वाटली नाही.

वहिनी दिवस होईपर्यंत घरात होती. माझ्याशी बोलायची, पण मीठ कुठं आहे, दूधवाला आला का, एवढंच. त्यांना मूलबाळ नव्हतं. चौदाव्या दिवशी तिनं पिशवी भरली आणि निपाणीला माहेरी गेली. तिची आई अजून आहे आणि या वयातही विड्या वळते. जाताना वहिनी मला येते म्हणाली नाही आणि मीही तिला या म्हटलं नाही.

दोन महिने मी धीर गोळा केला. तिला खरं सांगितलं की तिचा राग जाईल, असं माझं साधं गणित होतं. खोटं मी अण्णासाठी बोलले होते, आता अण्णा नाही, मग खऱ्याला अडवणारं कोण? एका रविवारी सकाळच्या बसनं निपाणीला गेले. वहिनी ओसरीवर बसली होती, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांत तिनं विडी वळली नव्हती, तरी बोटं झरझर चालत होती. म्हातारी आत झोपली होती. मी बसले. तिनं पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. अमावास्येचं, मोरीचं, तांब्याचं. मला काही कळलं नव्हतं, रंगच असणार असं समजून मी पाणी ओतलं. दवाखान्यात बोलले ते खोटं होतं, तो एकटा पडू नये म्हणून. हे सांगताना मला रडू येत होतं, आणि थोडं हलकंही वाटत होतं, हे लपवणार नाही.

वहिनीनं हातातली विडी पुरी केली, दोरा गुंडाळला, तोडला. म्हणाली, "वन्सं, त्यास्नी मी इचारलंतं. पायजम्याला डाग दिसला. गार पाण्यात घातला तर सुटला. रंग गार पाण्यात सुटत न्हाय, एवढं मला कळतंय की. मी इचारलं तर त्येनी म्हणाले, रंग हाय. लालातलं त्यास्नी मी काय सांगणार? मी गप्प बसले."

मी म्हटलं, मग तुमचीही तीच चूक झाली, माझीही तीच. आपण दोघींनी त्याच्या पारखीवर विश्वास ठेवला.

"न्हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "त्यावेळी खरं बोललासा. आत्ता बोलताय ते खोटं. बाईमाणसाला रक्त कळत न्हाय, आसं कुठं असतंय? न्हाण आल्यापास्नं आपण तेच धुतोय. मला कळलं म्हणून मी इचारलं. तुम्हाला बी कळलं. तुम्ही इचारलं न्हाईसा, एवढाच फरक."

मग तिनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन भाकरी टाकल्या आणि मला जेवायला वाढलं. वांग्याची भाजी होती. मी जेवले. ती स्टँडपर्यंत सोडायला आली, बसमध्ये जागा धरून दिली, पोचल्यावर फोन करा म्हणाली.

बस सुटली तशी मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायला लागले. संकेश्वरपर्यंत माझ्याकडं भरपूर मुद्दे होते. सवय होती, सिनेमा अर्धा राहिला होता, न्हाणीत उजेड कमी असतो, आणि ज्या माणसानं मला दहा वर्षं रक्ताला रंग म्हणायला शिकवलं त्याच्याच घरात मी वेगळं काय म्हणणार होते. सगळे मुद्दे खरे होते. यमकनमर्डी गेल्यावर ते संपले, आणि तांब्या उचलायच्या आधी मी थांबले होते ते मला आठवलं. जास्त वेळ नाही. एक श्वासभर.